एकतीस किलोंचा आवाज

मी त्या बासरीवाल्याला श्वास घेताना ऐकलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्या कार्यालयातले लेखापाल एकदा मला त्यांच्या गाडीतून घरी सोडत होते. त्यांनी बासरीची एक धून लावली. ही धून मी वीस वर्षं ऐकतोय. मला ती तोंडपाठ आहे. आंघोळ करताना मी ती शिट्टीवर वाजवतो, आणि ती ओळखू येत नाही असं बायकोचं मत आहे. तर ती धून सुरू झाली आणि पहिल्या सुराच्या आधी कोणीतरी श्वास घेतला. छोटासा, जरा घाईचा. मी दचकून मागे पाहिलं. मागच्या सीटवर लेखापालांची छत्री होती, बाकी कोणी नव्हतं. मग सूर लागला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षं हा माणूस माझ्या कानाशी बासरी वाजवत होता आणि त्यालाही श्वास घ्यावा लागतो याची मला गंधवार्ता नव्हती.

घरी पोचलो तो हरखूनच. बायकोला दारातच सांगितलं की तो श्वास घेतो. तिनं आधी कोण आजारी आहे असं विचारलं.

लेखापालांनी काय केलं होतं ते मी विचारून घेतलं होतं. गाडीतले कंपनीचे स्पीकर काढून नवे घातले होते. पण त्यापायी त्यांच्या गाडीचं आतलं रूप एखाद्या स्वस्त उपाहारगृहासारखं झालं होतं. निळे दिवे, दारांना ताटाएवढी भोकं, आणि डिकीत एक पेटी, जिच्यामुळे सामान मांडीवर घेऊन बसावं लागे. मला ते परवडण्यासारखं नव्हतं. पैशांचं मी बोलत नाही. गाडी आमची नव्हती, ती सासऱ्यांची होती.

सासरे भूमापन खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. गुडघे कुरकुरायला लागल्यावर डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा त्यांनी गाडी आम्हाला ‘वापरायला’ दिली. कागदोपत्री नाव त्यांचंच. ताबा देण्याचा कार्यक्रम दोन तास चालला. त्यांच्याकडे एक वही आहे. तिच्यात गाडीच्या आतल्या एक्केचाळीस वस्तूंची नोंद आहे. ‘क्रमांक सात : पुढील उजव्या दाराची मूठ, ओरखडा नाही.’ ‘क्रमांक एकोणीस : मागील आसन, उसवण नाही.’ दर रविवारी ते आमच्याकडे येतात, वहीप्रमाणे गाडी तपासतात, मग पुढच्या सीटवर बसून एक फेरी मारतात. आत काहीही बदललेलं दिसलं तर गाडी त्याच दिवशी मोठ्या जावयांकडे जाईल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी शांतपणे सांगितलं होतं. मोठे जावई म्हणजे माझे साडू. हे गृहस्थ भेटले की गाडीच्या टपावरून हात फिरवतात आणि माझ्याकडे बघून उसासा टाकतात.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. बाबांना कळलं तर मला यातलं काही माहीत नव्हतं, असं ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “आणि माझ्या बाजूचा स्पीकर नीट बसवा.”

झालं. म्हणजे आवाज बदलायचा आणि आत काही बदललेलं दिसायचं नाही. हे ठरल्यापासून मला कार्यालयात लक्ष लागेना. मी आवक-जावक विभागात असतो. त्या आठवड्यात माझ्या हातून आवक झालेली दोन पत्रं तशीच जावक झाली.

आमच्या इमारतीत गुपित ठेवायचं असेल तर ते स्वतःलाही सांगू नये. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले, मला खुर्चीत बसवलं आणि मनगटी घड्याळ कानापासून लांब लांब नेत टिकटिक कुठपर्यंत ऐकू येते ते मोजपट्टीनं मोजलं. निष्कर्ष असा की डाव्या कानात पंधरा टक्के कसर आहे. त्यामुळे डाव्या बाजूचा स्पीकर बदलून उपयोग नाही, मी उजवीकडे सरकून बसावं. मी चालवायला बसतो ती जागा सरकवता येत नाही हे त्यांना पटायला बराच वेळ लागला. शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या. काचा लावून आवाज मोठा करायचा, आम्ही तेच करतो, असं म्हणाल्या. त्यांच्या भावाच्या गाडीत असलंच काहीतरी बसवलं होतं, तेव्हापासून तो दाराला हात लावला की झटका बसतो म्हणतो. पण तो लहानपणापासूनच असं म्हणतो, हेही त्यांनीच सांगितलं.

फिटर मला लेखापालांनीच गाठून दिला. हे गृहस्थ आयुष्यभर स्पीकर बसवत आले आणि बोलतात मात्र इतकं हळू की त्यांचं नावच हळूबुवा पडलंय. त्यांच्या गाळ्यात एक बाक, भिंतीवर ओळीनं लावलेली अवजारं आणि जुन्या स्पीकरांचं एक शोकेस होतं. त्यांनी गाडीत बसून माझी धून पाच मिनिटं ऐकली. मग ते काहीतरी म्हणाले. मी कान पुढे केला.

“हा माणूस गोधडीत तोंड खुपसून वाजवतोय,” हळूबुवा म्हणाले. “आपण गोधडी काढू. दिसणार काही नाही.”

त्या एका वाक्यावर मी गाडी त्यांच्या स्वाधीन केली.

त्यांची योजना ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. दाराला कंपनीच्या ज्या जाळ्या आहेत त्या तशाच ठेवायच्या, फक्त त्यांच्यामागचे स्पीकर बदलायचे. टेपही तोच राहील, बटणंही तीच. पण कंपनीनं आवाजाला आतून जी कात्री लावलेली असते, ती दुरुस्त करणारी वहीएवढी डबी डॅशबोर्डच्या पोटात जाईल. ताकद वाढवणारं यंत्र माझ्या सीटखाली. दारांचा पत्रा डब्यासारखा वाजू नये म्हणून आतून काळ्या चिकट रबरी चादरी. आणि खर्जासाठी एक चपटी पेटी. ती डिकीत स्टेपनीच्या जागी घालू असं ते म्हणाले. मी म्हटलं, स्टेपनी क्रमांक अडतीस आहे. मग पेटी पुढच्या डाव्या सीटखाली घालायचं ठरलं. ती जागा सासऱ्यांची, हे माझ्या उत्साहाच्या भरात ध्यानात आलं नाही.

दाराचं आतलं अस्तर निघालं तेव्हा मी तिथेच उभा होतो. आपल्या ओळखीच्या माणसाला प्रथमच बनियनवर बघावं तसं वाटलं. अस्तराच्या खिट्या तट् तट् तुटत होत्या आणि प्रत्येक आवाजाला मला साडूंचा चेहरा दिसत होता. हळूबुवा म्हणाले, नव्या मिळतात. दाराच्या तळाशी एक कंगवा, दोन गोळ्यांचे कागद आणि सासऱ्यांच्या शाईच्या पेनचं हरवलेलं टोपण निघालं. आता हे टोपण परत कसं करायचं? दार उघडल्याशिवाय ते मला सापडलं कसं? शेवटी मी सासुरवाडीला जाऊन ते गुपचूप सोफ्याच्या फटीत सरकवून आलो. दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. टोपण सापडलं, आणि सोफ्यात बघा असं त्या तीन वर्षं सांगत होत्या.

चार दिवसांनी गाडी मिळाली. आत बसलो. सगळं जिथल्या तिथे. मी वहीची नक्कल काढून ठेवली होती, तिच्यावरून एक्केचाळीस वस्तू पडताळल्या. मग धून लावली.

बासरीवाल्यानं श्वास घेतला, मग बोटं भोकांवर टेकली त्याचीही बारीक टपटप आली, आणि मग सूर. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हळूबुवा खिडकीपाशी उभे राहून हसले. तेही आवाज न करता.

घरापर्यंत मी तरंगतच आलो. चौथ्या चौकात गाडीत एक डास शिरला. मी काच उघडली, हात हलवला, तो जाईना. गाडी जोरात पळवली की तोही जोरात. गाडी थांबवली की गप्प. दोन किलोमीटर मी त्या डासाला बाहेर काढत होतो. मग लक्षात आलं की तो स्पीकरमध्ये आहे. इंजिन आवाजात मिसळत होतं. दुसऱ्या दिवशी हळूबुवांनी एक वायर एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी आवळली आणि डास मेला.

डास मेला त्याच्या दुसऱ्या सकाळी गाडीच मेली. सीटखालचं यंत्र बंद व्हायचं विसरून रात्रभर जागं राहिलं होतं आणि बॅटरी पिऊन बसलं होतं. प्राध्यापक, वहिनी आणि बायको अशा तिघांनी गाडी ढकलली. प्राध्यापक ढकलता ढकलता बल आणि विस्थापन समजावत होते. त्यामुळे बल कमी पडत होतं. वहिनींनी त्यांना बाजूला केल्यावर गाडी लगेच चालू झाली.

तेही दुरुस्त झालं. मग खडखड सुरू झाली. खर्ज इतका छान होता की त्याच्या कंपनानं गाडीतली प्रत्येक सैल वस्तू टाळ्या वाजवायला लागली. आवाज नेमका कुठून येतो ते सापडेना. प्राध्यापक सुनेचा स्टेथोस्कोप घेऊन मागच्या सीटवर बसले आणि गाडीची छाती तपासत गेले. वहिनी बाहेरून पत्रा दाबत होत्या. रस्त्यानं जाणारे लोक थांबून, काही गंभीर नाही ना, असं विचारत होते. पहिली खडखड नंबरपाटीची निघाली, दुसरी चष्म्याच्या कप्प्याची. तिसरी खुद्द प्राध्यापकांच्या खिशातल्या किल्ल्यांची होती. ती सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला.

आणि दर रविवारी सासरे येत होते. वही उघडत, वाकून बघत, टिचकी मारत, बरोबरची खूण करत. मी त्यांच्या मागे उभा राहून मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलेला असे. फेरीत मी आवाज बारीक ठेवायचो. पण पेटी होती नेमकी त्यांच्या सीटखाली. दुसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं की इंजिन हलतंय का. तिसऱ्या रविवारी म्हणाले की गाडीतून फिरलं की कंबर मोकळी वाटते, बहुधा सकाळच्या व्यायामाचा परिणाम असावा. मी म्हटलं, व्यायाम सोडू नका.

पाच रविवार असे निभावले. मग सासऱ्यांच्या नावानं सरकारी पत्र आलं.

अशी पत्रं मी रोज लोकांना पाठवतो. आपल्याला आलं की मात्र त्याचा कागदच वेगळा लागतो. वाहनाची पंचवार्षिक तपासणी, मालकानं जातीनं हजर राहावं. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून वही काखेत मारून तयार होते. सरकारी तपासणीला जायचं म्हणजे त्यांना माहेरी गेल्यासारखं वाटतं.

तपासणीची जागा म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, जमिनीत बसवलेल्या लोखंडी पाट्या आणि एक अधिकारी बाई. बाईंनी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, ब्रेक तपासले. मग चारही चाकं पाट्यांवर घेतली आणि पडद्याकडे बघत कपाळाला आठ्या घातल्या. गाडीचं वजन पुस्तकातल्या वजनापेक्षा एकतीस किलो जास्त भरत होतं. आत कोणी बसलंय का, असं त्यांनी विचारलं. कोणी नव्हतं. डिकी रिकामी होती.

सासऱ्यांनी सांगितलं की चौतीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्यात. यंत्र चुकतं, वही चुकत नाही. त्यांनी वही बाईंच्या पुढे धरली. बाई चांगल्या होत्या. त्यांनी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वस्तू वहीप्रमाणे मिळवून पाहिल्या आणि असा वाहनमालक आपण पाहिला नाही, असं म्हणाल्या. पुन्हा वजन केलं. पुन्हा एकतीस किलो. शेवटी त्यांनी एक छापील कागद काढला. वाहनात कोणताही बदल केलेला नाही असं मालकानं लिहून द्यावं, म्हणजे काट्यातला फरक धरून त्या गाडी पास करतील.

सासऱ्यांनी पेन काढलं.

मी गप्प राहिलो असतो तर पाच मिनिटांत आम्ही बाहेर पडलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. पण याच माणसानं सख्ख्या भावाच्या जमिनीची मोजणी करताना वीतभर बांध भावाच्या विरुद्ध दाखवला होता, आणि भाऊ आठ वर्षं त्यांच्याशी बोलला नव्हता. ही गोष्ट सासूबाईंनी मला लग्न ठरलं तेव्हाच सांगितली होती, बहुधा इशारा म्हणून. त्यांच्या उभ्या आयुष्यातली पहिली खोटी सही माझ्या बासरीपायी व्हायची होती. पेनचं टोक कागदाला लागलं.

“बाबा, सही करू नका,” मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज हळूबुवांच्या आवाजाइतका बारीक झाला होता. चादरी, पेटी, डबी, खिट्या, सगळं. टोपणसुद्धा. सासऱ्यांनी पेन खिशाला लावलं, गाडीचं दार उघडलं आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू वाकले. जाळी बघितली. सीटखाली हात घालून चाचपलं. अस्तराच्या कडेवरून नख फिरवलं.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

“पाच आठवडे.”

“म्हणजे पाच वेळा मी बरोबरची खूण केली,” ते म्हणाले, आणि त्यांनी वही मिटली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आठ वर्षांचा अबोला माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. गाडी तर गेलीच होती.

पण एवढ्यात बाई म्हणाल्या की बदल केला असेल तर खिडकी क्रमांक चारवर त्याची नोंद करून घ्या. आणि ‘नोंद’ हा शब्द कानावर पडताच सासरे सरळ झाले.

चार नंबरच्या खिडकीत जाड भिंगाचे कारकून होते. त्यांना बदलाच्या आधीचा आणि नंतरचा असे आतले दोन फोटो हवे होते. आधीचा सासऱ्यांच्या वहीला चिकटवलेला होता. नंतरचा आम्ही तिथेच काढून, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. कारकुनांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं आणि एकाच फोटोच्या दोन प्रती चालणार नाहीत म्हणून परत केले. मी सांगितलं की फोटो वेगळे आहेत. मग फरक दाखवा, असं ते म्हणाले. फरक नाही हेच तर त्यातलं कसब आहे, असं मी म्हणालो. फरक नसेल तर बदल नाही, आणि बदल नसेल तर तसं लिहून द्या, असं ते म्हणाले. तसं लिहून द्यायला एकतीस किलो आड येत होते.

तासाभरापूर्वी बदल नाही म्हणून छाती काढणारे माझे सासरे आता खिडकीत हात घालून, बदल झालेला आहे, असं ठासून सांगत होते. त्यांनी नियम काढायला लावला. नियमात ‘दृश्य’ हा शब्द कुठे आहे ते दाखवा म्हणाले. तो नव्हता. प्रत्यक्ष पाहणीची तरतूद मात्र होती, आणि ती त्यांनीच शोधून काढली. कारकून नाइलाजानं उठले, खिडकीवर पाटी उलटी केली आणि आमच्या मागून शेडमध्ये आले.

सासरे पुढे बसले, कारकून मागे. अधिकारी बाईही कुतूहलानं मागे येऊन बसल्या. मी रेडिओ लावला, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा सासऱ्यांच्या देखत आवाज हवा तेवढा मोठा केला. एक निवेदिका हवामानाचा अंदाज वाचत होती. कारकून मान तिरकी करून ऐकत होते.

“रेडिओतल्या बाईंनी पान उलटलं,” ते एकदम म्हणाले.

आम्ही सगळे कान देऊन बसलो. पुढच्या पानालाही ते ऐकू आलं. शेवटी निवेदिकेनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला तेव्हा तपासणी अधिकारी बाईंनी नकळत पाय आवरून घेतले. कारकुनांनी फॉर्म गुडघ्यावर घेतला, ‘बदलाचे वर्णन’ या रकान्यापुढे थोडा विचार केला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं : ‘दिसत नाही. ऐकू येतो.’ खाली शिक्का मारला. सासऱ्यांनी वाचून पाहिलं आणि सही केली.

आम्ही परत निघालो. रेडिओवर हवामान संपून एक मोठी वाद्यांची मैफल सुरू झाली होती. आधी दोन व्हायोलिनं, मग पाठोपाठ आणखी दहा-बारा, कोण कुठे बसलंय तेसुद्धा कळावं अशी. सासरे डावा हात दारावर ठेवून बसले होते. मध्येच त्यांचं एक बोट उठलं आणि कोपऱ्यातल्या कोणा एका वाजवणाऱ्याकडे रोखलं गेलं. मग दुसऱ्याकडे. ते मोजत होते.

“मोठ्या जावयांना यातलं काही सांगू नका,” जरा वेळानं ते म्हणाले. “रोज बसायला येतील.”

त्यांच्या घराचं वळण आलं. मी गाडी वळवायला घेतली तर त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. हे संपू दे, म्हणाले. मग आम्ही घराला वळसा घातला. सासूबाई गच्चीत उभ्या होत्या. त्यांनी हात केला. दुसऱ्या वळशाला त्यांनी हात केला नाही. तिसऱ्याला त्या आत गेल्या आणि सासऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकून घेतलं आणि वाद्यांवरची नजर न काढता म्हणाले, “हो, घर दिसलं. पण गाडीची तपासणी अजून चालू आहे.”